दादाचा डोळा आणि माझं तोंड

डॉक्टरने पेशंटला "यापुढे माझ्याकडे येऊ नका" असं सांगावं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पेशंट डॉक्टर बदलतो हे माहीत होतं. गुण आला नाही की आपण बोईसरचा सोडून पालघरचा धरतो, पालघरचा सोडून मुंबईचा. त्यात कोणाला काही वाटत नाही. पण डॉक्टरही पेशंट सोडतो, हे आमच्या घरात घडलं तेव्हाच कळलं. आणि ते माझ्यामुळे घडलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमचं गाव वाणगावच्या पश्चिमेला. घरची भाताची खाचरं, विहिरीच्या पाण्यावर मिरची, आणि भात निघालं की वाल. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दादाने नांगर धरला म्हणून मी दहावीपर्यंत गेलो. आज मी हे चार शब्द लिहितो आहे ते त्याच्या जिवावर. हे आधीच सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही लहान असताना डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, एवढंच ठाऊक. शाळेत शिबिर लागायचं. बाकं हलवून म्हातारी माणसं ओळीने निजवलेली, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मग काही दिवसांनी त्यांना सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगाचा चष्मा मिळायचा आणि आमची आजी, जिला नातवंडं आवाजावरून ओळखू यायची, ती "तू किती काळा झालास रे" म्हणायला लागायची. डॉक्टर कोण, कुठला, नाव काय, कोणाला माहीत नसायचं. तो आला, काम केलं, गेला. नातं जुळलंच नाही तर तुटायचं कुठून?

पुढे दिवस बदलले. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, मग बोईसरला एमआयडीसी वाढली. कारखान्यांमागे वस्ती आली, वस्तीमागे दुकानं, दुकानांमागे डॉक्टर. आधी सर्दीपासून बाळंतपणापर्यंत सगळं एकच डॉक्टर बघायचा. आता कानाचा वेगळा, हाडाचा वेगळा, आणि डोळ्यात सुद्धा पडद्याचा वेगळा नि काचबिंदूचा वेगळा.

दादाला काचबिंदू निघाला. चष्म्याचा नंबर काढायला गेला होता, तर डॉक्टरने डोळ्याचा दाब मोजला, अंधाऱ्या खोलीत मशिनसमोर बसवून दिवा दिसला की बटण दाबायला लावलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "काका, हा मोतीबिंदू नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची."

हा आजार मला शेतातल्या पाण्यावरून समजला. खाचरात एका बाजूने पाणी येतं, दुसऱ्या बाजूने निघून जातं. निघायची वाट तुंबली आणि यायचं चालूच राहिलं, तर बांधावर दाब येतो. डोळ्यातही असंच एक पाणी आतल्या आत तयार होतं आणि निघून जातं. ते नीट निघालं नाही की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि म्हणतो मला काय झालंय? दादाही तेच म्हणायचा.

मोतीबिंदूच्या डॉक्टरशी आपलं नातं लग्नातल्या आचाऱ्यासारखं असतं. दोन दिवसांचं काम, पंगत उठली, हिशोब झाला, राम राम. काचबिंदूच्या डॉक्टरशी नातं जन्माचं. थेंब रोज घालायचे, ठरलेल्या वेळी घालायचे, मरेपर्यंत घालायचे. तीन-चार महिन्यांनी दाब मोजायचा. आणि हे सगळं करून बक्षीस काय, तर काल दिसत होतं तेवढंच आज दिसतं. ज्या औषधाने काही वाढत नाही, त्यावर महिन्याला पाच-सहाशे रुपये घालवायचे, हे शेतकऱ्याच्या डोक्यात शिरत नाही. खताची गोणी टाकली की आठ दिवसांत हिरवं दिसलं पाहिजे, ही आमची सवय. अशा लांबलचक नात्यातच उबग येतो, दोन्हीकडून. डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यांतून पेशंटला निरोप दिला जातो तो बहुधा असल्या आजारातच, असं मला आता वाटतं.

कारण नातं तोडलं आधी आम्हीच. आवणी लागली तेव्हा दादाची तारीख होती, नाही गेलो. माणसं मिळत नव्हती, राबातली रोपं पिवळी पडत होती. पुढची तारीख गणपतीत आली. त्यापुढची झोडणीत. मधे एक बाटली संपली तर दादाने पंधरा दिवस दुसरीच घातली, आणि मला सांगितलं नाही. डॉक्टरने विचारलं की हा म्हणायचा, "घालतो ना, रोज घालतो." खोटं बोलायचा असं नाही. ज्याने आपल्याला बरं करायचं आहे त्याला नाराज करायचं नाही, एवढंच त्याच्या मनात. पण डॉक्टर काय समजणार? थेंब घालूनही दाब उतरत नाही, म्हणजे औषध बदला, नाहीतर ऑपरेशन करा. खोट्या जबाबावर खरा इलाज व्हायचा कसा?

मग तो दिवस आला. नोव्हेंबर महिना, भात घरात आलेलं. तारीख न घेताच आम्ही निघालो. वाणगावला लोकल चुकली, पुढची येईपर्यंत स्टेशनवर बसलो, बोईसरला उतरून शेअर रिक्षा केली. दहाच्या पुढे पोचलो. काउंटरवर एक मुलगी होती, आमच्याच बाजूची, बोलण्यावरून कळत होतं. म्हणाली, "काका, नाव लिहिते, पण तारीखवाल्यांच्या नंतर." बसलो. आमच्यामागून आलेले आत जाऊन आले. बारा वाजले, एक वाजला. दादाला साखर आहे, त्याला वेळेवर खायला लागतं. दोनला ती मुलगी म्हणाली, "काका, आज होईल असं वाटत नाही, पुढच्या गुरुवारची तारीख देऊ का?"

माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते सगळं लिहायला लाज वाटते. "पैसे मोजतो, फुकट येत नाय" हे बोललो. "कारखान्यातल्या साहेबांना आत सोडता आणि आम्ही काय गुरं?" हेही बोललो. तिच्या आईबापावर गेलो. आणि काउंटरवर हात आपटला, तशी पेनांची बरणी खाली पडून फुटली. मुलगी भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा मागून माझा सदरा ओढत होता, "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत होता.

डॉक्टर बाहेर आला. मला एक शब्द बोलला नाही. दादाला हाताला धरून आत नेलं, तपासलं, महिन्याचं औषध लिहून दिलं. मग मला आत बोलावून सावकाश म्हणाला, "काका, आजचं मी बघितलं. पण यापुढे मी यांना बघणार नाही. महिन्याच्या आत दुसरा डॉक्टर करा. ही चिठ्ठी, ही फाईल. माझ्या माणसांना रडवून मी दवाखाना चालवू शकत नाही." मी फाईल उचलली आणि "तुझ्यासारखे छप्पन बघितले" म्हणून बाहेर पडलो. एवढा मोठा माणूस, त्याला अरेतुरे केलं.

पेशंट दादा होता. भांडलो मी. आणि दार बंद झालं ते दादाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. फाईल मी कपाटावर टाकली. चिठ्ठी इंग्रजीत होती, वाचता येत नव्हती, कोणाकडून वाचून घेतली नाही. कारण वाचून घ्यायची तर काय झालं ते सांगावं लागलं असतं. महिन्याची बाटली संपली. दादा गप्प. मी मिरचीत. मला वाटायचं दादा सांगेल, दादाला वाटायचं मी नेईन. मार्चमध्ये एकदा तो अंगणात डाव्या हाताच्या खांबावर सरळ जाऊन आदळला. खांब काही नवा नव्हता, वडिलांनी रोवलेला होता.

मग मुंबईला नेला, भायखळ्याला जे. जे. रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली, ती इंग्रजी चिठ्ठी वाचली. तिच्यात सगळं होतं. दाब किती, कुठलं औषध किती दिवस, आणि "लगेच बघणं गरजेचं" असं खाली रेघ मारून. त्या म्हणाल्या, "ही नोव्हेंबरची आहे. मधले महिने थेंब कोणते घातले?" मी खाली बघत होतो. दादा म्हणाला, "संपले होते." एवढंच. माझं नाव नाही घेतलं. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजवा राखायचा होता, तो राखला आहे.

त्या दिवशी येताना लोकलमध्ये मी विचार करत होतो, हा डोळा कोणी घालवला? डॉक्टरने, मी, की दादाच्या गप्प बसण्याने? आणि तेव्हापासून तो मूळ प्रश्न डोक्यात आहे. डॉक्टरला पेशंट सोडायचा हक्क आहे का?

माझी भाची नर्सिंग शिकते. तिने मला कायदा समजावला. डॉक्टरांसाठी २००२ सालचे नियम आहेत. त्यात म्हटलंय की कोणाला बघायचं हे डॉक्टर ठरवू शकतो, पण जीव धोक्यात असेल तेव्हा नाही म्हणू नये. आणि एकदा पेशंट हातात घेतला की त्याची हेळसांड करू नये, त्याला आणि घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले होते, त्यात शिवीगाळ, दांडगाई करणाऱ्याला डॉक्टर नाकारू शकतो असं स्पष्ट लिहिलं होतं. पण त्याच महिन्यात ते थांबवले आणि जुनेच चालू राहिले. आपल्या राज्यात २०१० पासून दवाखान्यात मारहाण, तोडफोड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे माझी ती बरणी सुद्धा पोलिसात जाऊ शकली असती. नाही गेली.

म्हणजे कायद्याने बघितलं तर डॉक्टर चुकला नाही. सूचना दिली, महिन्याची मुदत दिली, औषध दिलं, चिठ्ठी दिली. आणखी काय करायचं त्याने?

मी माझ्याकडे बघितलं. मी सुद्धा माणूस सोडलेला आहे. आमच्याकडे डोंगरपट्टीतलं एक जोडपं बरीच वर्षं कामाला येत होतं. एका उन्हाळ्यात तो पिऊन झोपला आणि रात्रभर मोटर चालू राहिली, मिरचीत गुडघाभर पाणी, रोपं सडली. मी सकाळी त्याला हाकलला. भर हंगामात, दुसरीकडची कामं वाटून झाल्यावर. दुपारी त्याची बायको बांधावर येऊन उभी राहिली. ती पीत नव्हती. तिने मोटर चालू ठेवली नव्हती. पण तिचाही रोज गेला. तेव्हा मला वाटलं होतं, माझा हक्क आहे. होताच. नुकसान माझं झालं होतं. पण एकाच्या चुकीला दोघांच्या पोटावर मारलं, हे मला जे. जे. च्या बाकावर बसून कळलं. मी जसा तिला धरलं नाही, तसं डॉक्टरने दादाला धरलं नाही.

सोडण्याचे प्रकार असतात. आमच्या भागात पाड्यावर भगत असतात. पूर्वी भातकापणीत डोळ्याला पातं लागलं की लोक तिकडे जायचे, कोणी पाल्याचा रस पिळायचा, कोणी अंगावरचं दूध घालायचा. त्याने डोळा पिकायचा, फूल पडायचं, कायमचं. पण एक म्हातारा भगत मी बघितलेला, तो डोळा बघून सांगायचा, "हे माझ्या हातचं नाय, बोईसरला ने." त्यानेही पेशंट सोडलाच. पण त्याचं सोडणं म्हणजे पुढच्याच्या हातात देणं होतं. सांगताना तो स्वतः सोबत माणूस द्यायचा. कधी भाडं सुद्धा. त्याला कुठला नियम माहीत होता?

मग मी डॉक्टरच्या जागी बसून बघितलं. दिवसाला शंभर डोळे बघायचे. त्यातला एक तारखा पाळत नाही, थेंब घालत नाही, खोटं सांगतो. उद्या त्याचा डोळा गेला तर बोट कोणाकडे? १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणलं. त्याचं चांगलंही झालं, गरिबाला दाद मागायला जागा मिळाली. पण मनातही काहीतरी बदललं. आधी डॉक्टर देव होता. देवावर रुसता येतं. मग तो दुकानदार झाला. दुकानदाराशी भांडता येतं. आता त्याच्याशी नक्की काय करायचं हे आम्हालाही कळत नाही आणि त्यालाही. तो आमच्यात पुढचा खटला बघतो, आम्ही त्याच्यात बिल बघतो. दोघंही मधल्या डोळ्याकडे बघायचं विसरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. नातं तोडायचा हक्क दोघांना आहे. पण तोडल्यावर दोघांचं जाणारं सारखं नाही. डॉक्टरचा एक पेशंट जातो, उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसतो. पेशंटची नजर जाते, त्या जागी काही बसत नाही. म्हणून ज्याचं कमी जाणार आहे त्याने सोडताना जास्त सांभाळलं पाहिजे. चिखलणीत बैल भर खाचरात सोडत नाहीत, कितीही अडला तरी. बांधापर्यंत आणतात, मग जू काढतात. चिठ्ठी इंग्रजीत दिली, ती मराठीत तोंडाने सांगितली असती, "काका, थेंब थांबले तर हा डोळा चार महिन्यांत जाईल", तर? महिन्याने एक फोन केला असता तर? किंवा मला म्हणाला असता, "तू दारात यायचं नाही, पण दादाला घेऊन दुसऱ्या कोणाला पाठव"? शिक्षा करायचीच होती तर ती माझी होती. मी उन्हात बाहेर उभा राहिलो असतो.

हे मी डॉक्टरला म्हणतो, पण आधी स्वतःला म्हणून झालं आहे. दार त्याने बंद केलं, पण दुसरं दार त्याने दाखवलं होतं. ते चार महिने कपाटावर मीच ठेवलं. आणि त्या काउंटरवरच्या मुलीने काय केलं होतं? तिच्या हातात फक्त तारखा होत्या. डॉक्टरवर चालत नाही तो राग आपण अशा माणसावर काढतो ज्याच्या हातात काही नसतं. डॉक्टर तिच्या बाजूने उभा राहिला. माझ्या मुलीला कोणी असं बोललं असतं तर मलाही तिचा मालक असाच हवा असता. हे कबूल करायला मला वेळ लागला.

गेल्या पावसाळ्याआधी बोईसरला खतं आणायला गेलो होतो. पाय आपोआप तिकडे वळले. काउंटरवर तीच मुलगी होती. मला बघून जरा मागे सरली. मी म्हटलं, "बाय, त्या दिवशी चुकलो. माफ कर." ती काही बोलली नाही. मग विचारलं, "ते मोठे बाबा कसे आहेत?" मी सांगितलं, एक डोळा गेला, एक आहे. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "त्यांचा थेंब चुकवू नका, काका." डॉक्टरला भेटलो नाही. भेटून काय बोलणार होतो ते मला अजून नीट जुळवता आलेलं नाही.

आता रात्री दहाला मी दादाच्या डोळ्यात थेंब घालतो. तो ओट्यावर मान मागे टाकून बसतो. माझा हात हलतो, वय झालं आहे. थेंब कधी गालावर जातो, मग परत घालायचा. दादा विचारतो, "पडला काय?" मी म्हणतो, "पडला. मीट डोळा." मग पाच मिनिटं तो डोळा मिटून बसतो आणि मी त्याच्या शेजारी बसून राहतो. त्या नोव्हेंबरबद्दल तो अजून एक शब्द बोललेला नाही.